राहूत शनी आणि चौदा महिने



मागच्या आठवड्यात नणंदेचा फोन आला. भाचीला चांगलं स्थळ आलंय, घर माहितीतलं आहे, गुणही जुळतात. पण पत्रिका बघणारे म्हणाले, राहूच्या महादशेत शनीची अंतर्दशा चालू आहे, अजून चौदा महिने थांबा. मुलाकडचे तेवढं थांबायला तयार नाहीत. "भाभी, तुम्ही हिशेबात पक्क्या, जरा बघा ना." मी ज्योतिषी नाही, बी.कॉम. आहे. पण दशा म्हणजे शेवटी हिशेबच, म्हणून कागद-पेन घेऊन बसले.

जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो, त्या नक्षत्राच्या स्वामीची महादशा आधी येते. पुढचा क्रम ठरलेला: रवी ६ वर्षं, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७, केतू ७, शुक्र २०. बेरीज १२०, म्हणून नाव विंशोत्तरी. नक्षत्र १३ अंश २० कलांचं. जन्मवेळी चंद्राने त्यातला जितका भाग ओलांडलेला असेल, तितकी पहिली दशा जन्माआधीच भोगून झाली असं धरतात.

अंतर्दशा काढायची तोंडी रीत मला फार आवडली. दोन्ही ग्रहांची वर्षं गुणायची. शेवटचा आकडा सोडून जे उरेल ते महिने, आणि त्या शेवटच्या आकड्याची तिप्पट म्हणजे दिवस. राहूत शनी: १८ गुणिले १९, ३४२. म्हणजे ३४ महिने ६ दिवस. आपल्या आज्या पावकी-निमकी म्हणायच्या, त्याच जातीचं हे गणित.

मग वाटलं, ही वर्षं ठरवली कुणी? सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहज्जातका'त दशा आहेत, पण ही विंशोत्तरी नाही. तिथे राहू-केतूला दशाच नाही. त्यातल्या नैसर्गिक दशेत पहिलं वर्ष चंद्राचं, मग मंगळ २, बुध ९, शुक्र २०, गुरू १८, रवी २०, शेवटी शनी ५०. तीही बेरीज १२०च. त्या हिशेबाने बारा ते बत्तीस या वयात प्रत्येकाला शुक्रच! आमची भाची सत्तावीस वर्षांची. पराशरांच्या नावावरच्या ग्रंथात विंशोत्तरी आहे, पण तो आज ज्या रूपात मिळतो ते रूप वराहमिहिरानंतरचं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. शिवाय १०८ वर्षांची अष्टोत्तरी निराळी. तिच्यात राहूला १८ नव्हे, १२च वर्षं.

विंशोत्तरीची मोजणी कृत्तिकेपासून सुरू होते. वैदिक याद्याही कृत्तिकेपासूनच. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या मराठी 'भारतीय ज्योतिःशास्त्रा'त कृत्तिकांवरून वैदिक काळाचा शोध घेतला आहे. आपल्या सूर्यप्रज्ञप्तीत मात्र नक्षत्रं २८ आणि सुरुवात अभिजितपासून. म्हणजे कुठून मोजायचं, हेसुद्धा माणसांनी आपापल्या काळात ठरवलेलं.

खरी गंमत पुढे आहे. भाचीचं नक्षत्र उत्तरा फाल्गुनी, म्हणून पहिली दशा रवीची. तिची पत्रिका दाते पंचांगावरून केलेली, ते चित्रा तारा धरून चालतं. टिळक पंचांग रेवती तारा धरतं, आणि दोघांत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. चार अंश म्हणजे नक्षत्राचे तीन दशांश. रवीच्या सहा वर्षांचे तीन दशांश म्हणजे एकवीस-बावीस महिने. टिळक पंचांगाने मांडलं तर राहूतला शनी सात-आठ महिन्यांपूर्वीच संपला! मुलगी तीच, जन्मवेळही तीच. नणंदेला हे सांगितलं तर ती बराच वेळ गप्प होती.

उत्तरा फाल्गुनी म्हटल्यावर मला कल्पसूत्र आठवलं. भगवान महावीरांचं जन्मनक्षत्र तेच. निर्वाणाच्या रात्री भस्मराशी नावाचा महाग्रह या नक्षत्रात आला, तो दोन हजार वर्षं राहणार आणि तोवर श्रमणसंघाचा आदर-सत्कार वाढणार नाही, असं तिथे सांगितलं आहे. परंपरेतली कथा अशी, की इंद्राने विनंती केली: प्रभू, आयुष्य क्षणभर लांबवा, तुमच्या दृष्टीने ग्रहाचं बळ उतरेल. भगवंतांनी सांगितलं, आयुष्य क्षणभरही वाढवणं कुणाच्या हातात नाही. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की त्यांनी ग्रह आहे की नाही हा वाद घातला नाही आणि मुहूर्तही पुढे ढकलला नाही.

निर्वाण इ.स.पू. ५२७ धरलं तर दोन हजार वर्षं इ.स. १४७४ च्या सुमारास भरतात (शून्य वर्ष नसतं, म्हणून एक मिळवायचा). लोंकाशाह त्याच शतकातले, म्हणून स्थानकवासी परंपरेत भस्मग्रह उतरण्याशी त्यांचं नाव जोडतात. पण त्याच 'वाईट' काळात ९८१ चा श्रवणबेळगोळचा बाहुबली उभा राहिला, १०३१ चं आबूवरचं विमल वसही झालं, बाराव्या शतकात हेमचंद्राचार्य आणि कुमारपाळ राजा होऊन गेले. दशा खराब म्हणून यांतलं कुणी हात बांधून बसलं नाही.

आपला कर्मसिद्धांतही उदय मानतोच. कर्म आपल्या वेळेला फळ देतं. पण त्याच सिद्धांतात उदीरणा आहे, निर्जरा आहे. माणसाच्या पुरुषार्थाला तिथे जागा आहे. पंचांगाला मी नावं ठेवत नाही, पर्वतिथी तर त्याच्यावरच पाळते.

नणंदेने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मुलाकडच्यांना काय सांगू?" मी म्हटलं, आधी मुलगी काय म्हणते? तर कळलं, पत्रिका तीन ठिकाणी दाखवून झाली होती, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं. संध्याकाळी भाचीचाच फोन आला. तिला मुलाशी एकटीने निवांत बोलायचं आहे. रविवारी दोघं आमच्याकडे येताहेत.