सरासरीच्या पोटातली जात

दोन देशांची तुलना निघाली की आपल्याकडचा सुशिक्षित माणूस प्रथम उत्पन्न विचारतो. किती कारखाने, किती मोटारी, दरडोई किती रुपये. माणूस किती वर्षे जगतो, त्याचे मूल पहिला वाढदिवस पाहते की नाही, हे प्रश्न अर्थशास्त्रज्ञ विचारू लागले त्यालाही आता काही दशके झाली. परंतु त्या माणसाची घाण कोण उचलतो, हा प्रश्न अजून कोणत्याच निर्देशांकात नाही. तो आपल्यालाच विचारावा लागेल. त्यासाठी मी भारत आणि बांगलादेश यांची तुलना घेतो.

तो प्रदेश आपल्याला परका नाही. 1946 साली मुंबई प्रांतातून डॉ. बाबासाहेबांना घटना समितीत जाता आले नाही, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना बंगालच्या विधिमंडळातून निवडून पाठविले. फाळणीत पूर्व बंगाल पाकिस्तानात गेला आणि 1971 साली तेथे बांगलादेश उभा राहिला. त्यामागोमाग दुष्काळ, महापूर, लष्करी राजवटी. हा देश जगेल की नाही, असे लोक उघड विचारीत.

आता आकडे पाहू. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी 2013 सालच्या आपल्या ग्रंथात ते मांडले आहेत. 1990 साली भारताचे दरडोई उत्पन्न बांगलादेशाच्या सुमारे दीडपट होते. 2011 पर्यंत ते दुप्पट झाले. त्याच काळात आयुर्मानाचे काय झाले? 1990 साली दोन्ही देशांत ते साठीच्या आतच होते. 2011 साली भारतात 65 आणि बांगलादेशात 69 वर्षे झाले. 1990 साली हजार जन्मांमागे तिकडे 97 बालके दगावत, इकडे 81. 2011 साली तिकडे 37, इकडे 47. श्रीमंत झालो आपण, आणि मुले अधिक जगली त्यांची!

याची कारणे अनेक आहेत. तिथल्या स्त्रिया मोठ्या संख्येने कापड शिवण्याच्या कारखान्यांत कामाला लागल्या. ‘ब्रॅक’ या संस्थेने 1980 पासून दहा वर्षे खेडोपाडी स्त्रिया पाठवून आयांना जुलाबावर मीठ-गुळाचे पाणी करायला शिकविले. पण ज्या कारणाकडे आपले विद्वान नाक मुरडून पाहतात, ते संडासाचे आहे. 1990 साली बांगलादेशात सुमारे एक तृतीयांश लोक उघड्यावर बसत. 2015 साली जेमतेम एक टक्का. त्याच 2015 साली भारतात हे प्रमाण सुमारे 44 टक्के होते. उघड्यावरच्या घाणीतून जुलाब, जुलाबातून कुपोषण आणि बालमृत्यू, ही साखळी वैद्यकशास्त्राने केव्हाच दाखवून दिली आहे.

मग भारताला काय आडवे आले? गरिबी म्हणावी, तर बांगलादेश अधिक गरीब होता. पैसा नव्हता म्हणावे, तर 2011 च्या जनगणनेत 63 टक्के घरांत टेलिफोन वा मोबाईल होता आणि 47 टक्के घरांच्या आवारातच संडास होता. बांगलादेशातील खेडूत सिमेंटच्या कड्या उतरवून साधा खड्ड्याचा संडास बांधतो. खड्डा भरला की तो उपसतो, मजुरी देऊन उपसून घेतो, नाहीतर शेजारी दुसरा खणतो. आपल्याकडे इथेच घोडे अडते. डायेन कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी उत्तर भारतातील खेड्यांत पाहणी करून 2017 साली पुस्तक लिहिले. लोकांना लहान खड्ड्याचा संडास नको होता, कारण तो काही वर्षांत भरतो आणि मग उपसायचा कोणी? स्वतः उपसले तर आपण ‘त्यांच्यापैकी’ होऊ. हवी ती खोलीएवढी टाकी, जी जन्मभर भरणार नाही. ती परवडत नाही म्हणून चालले रानात!

जात ही श्रमिकांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी 1936 सालीच सांगितले होते. त्या विभागणीने अस्पृश्याच्या डोक्यावर पाटी दिली. पण तिचा सूड सवर्णाच्या पाळण्यापर्यंत पोचला, हे कोणी ध्यानात घेतले नाही. ज्या सोवळ्याने आपल्याला गावकुसाबाहेर ठेवले, त्याच सोवळ्याने त्यांचीही मुले मारली. राष्ट्रीय सरासरीत मोजलेले ते मृत्यू सगळ्या जातींचे आहेत.

हे वाचून कोणी हा हिंदू-मुसलमानांचा सामना समजू नये. ढाक्यातही सफाई कामगारांच्या ‘हरिजन’ वस्त्या आहेत. इंग्रजांनी उत्तर भारतातून आणि तेलुगू मुलखातून नेलेल्या माणसांचे वंशज तिथे दाटीवाटीने राहतात, आणि तेच काम त्यांच्या वाट्याला येते. पाकिस्तानचे कायदामंत्री झालेले मंडलही 1950 साली राजीनामा देऊन, आपल्या लोकांवरील अत्याचारांचा पाढा वाचून भारतात परतले. तेव्हा तो देश आपला स्वर्ग नव्हे. फरक इतकाच की तिथल्या सामान्य खेडुताला आपल्या घरचा खड्डा बाटवीत नाही.

2014 साली स्वच्छ भारत मोहीम निघाली, कोट्यवधी संडास बांधले गेले. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही 19 टक्के कुटुंबे उघड्यावर जात होती, तरी घट मोठी आहे आणि ती मी नाकारीत नाही. पण बांधलेले खड्डे भरणारच. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध 1993 आणि 2013 असे दोन कायदे झाले. गटारात मेलेल्या कामगाराच्या वारसांना सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली 10 लाख आणि 2023 साली 30 लाख रुपये भरपाई ठरविली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते, याचाच अर्थ माणसे गटारात उतरविली जातच राहिली.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे असे : पुढच्या वेळी कोणी दोन देशांचे आकडे तुमच्यापुढे टाकले, तर सरासरीवर थांबू नका. खड्डा कोण उपसतो ते विचारा. त्याच्या मुलाचे आयुष्य किती, ते विचारा. आणि उत्तर मिळाले नाही, तर वही-पेन्सिल घेऊन आपल्याच वस्तीपासून मोजायला लागा. आपली मोजणी आपल्यासाठी दुसरे कोणी करणार नाही.