चव्हाण (आडनाव)
'''चव्हाण''' हे महाराष्ट्रातील एक आडनाव व कुलनाव आहे. मराठ्यांच्या शहाण्णव कुळांत त्याची गणना होते. बंजारा समाजात ते राठोड, पवार व जाधव यांच्याप्रमाणे एक प्रमुख गोत्रनाम आहे. एकाच नावामागे अशा भिन्न परंपरा असल्याने केवळ आडनावावरून जात किंवा कूळ ठरविता येत नाही.

== व्युत्पत्ती ==
हा शब्द संस्कृत शिलालेखांतील 'चाहमान' या राजवंशनामापासून आला असून हिंदी व राजस्थानी 'चौहान' हे त्याचेच रूप होय. मराठीत 'औ'चा 'अव' व 'न'चा 'ण' होऊन 'चव्हाण' हे रूप रूढ झाले.

== वंशकथा ==
चाहमानांची सत्ता शाकंभरी (सांभर) व अजमेर येथे होती. या वंशातील तिसरा पृथ्वीराज ११९२ मध्ये तराईच्या दुसऱ्या युद्धात पराभूत झाला. अबूच्या अग्निकुंडातून मूळ पुरुष निर्माण झाल्याची कथा 'पृथ्वीराज रासो'मुळे प्रसिद्ध झाली. परंतु त्याहून जुने 'पृथ्वीराजविजय' हे संस्कृत काव्य या वंशाला सूर्यवंशी म्हणते, तर ११७० चा बिजोलिया शिलालेख वत्स गोत्रातील ब्राह्मण पूर्वजाचा उल्लेख करतो. सबब नामसाम्य हा वंशसातत्याचा पुरावा ठरत नाही.

== नांदेड-लातूर परिसर ==
या भागात चव्हाण आडनावाची मराठा व बंजारा अशी दोन्ही घराणी आढळतात. किनवट, माहूर, मुखेड आणि जळकोट या तालुक्यांत बंजारा तांडे आहेत. बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ वाहून नेणे हा या समाजाचा पूर्वापार व्यवसाय होता. घरात गोरबोली बोलली जाते. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत मोडतो. त्यामुळे केवळ आडनावावरून नोंद केल्यास जातीच्या दाखल्यात चूक होण्याचा संभव असतो.

याच परिसरात पाटील, देशमुख, कुलकर्णी ही वतनावरून, तर निलंगेकर, चाकूरकर ही गावावरून आलेली आडनावेही प्रचलित आहेत. अशा आडनावामागे मूळ कुलनाव झाकले जाते.

== विवाहसंबंध ==
मराठा समाजात लग्नापूर्वी देवक बसविले जाते. देवक हे झाडाची पाने, पीस, शस्त्र अशा वस्तूंच्या रूपात असते. एकच देवक असलेल्या घराण्यांत सोयरीक टाळतात. बंजारा समाजातही सगोत्र विवाह निषिद्ध मानला जातो. म्हणून स्थळ पाहताना आडनावाबरोबरच कूळ, देवक किंवा गोत्र विचारण्याचा प्रघात आहे.

== प्रसिद्ध व्यक्ती ==
महाराष्ट्राचे चार मुख्यमंत्री या आडनावाचे होते. यशवंतराव व पृथ्वीराज हे कराडचे, तर शंकरराव व त्यांचे पुत्र अशोकराव हे नांदेडचे. कराडची व नांदेडची घराणी स्वतंत्र आहेत. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व विष्णुपुरी प्रकल्प यांना शंकररावांचे नाव देण्यात आले आहे.