मूळ विद्या आणि जोडविद्या



दहावीचा निकाल लागला की आपल्या घरोघरी एकच चर्चा सुरू होते : सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? मामा, चाचा, शेजारी सारे सल्ला देतात, आणि एकदा फॉर्म भरला की मुलाची जन्माची वाट ठरली असे आपण मानतो. विज्ञानाकडे गेलेल्याने इतिहासाचे पुस्तक उघडायचे नाही आणि उर्दू-फार्सी शिकणाऱ्याने आकडेमोडीच्या वाटेला जायचे नाही, असा अलिखित कायदाच जणू आपण केला आहे. परंतु विद्येच्या सर्वोच्च पायरीवर, म्हणजे पीएच.डी.च्या पातळीवर, गेली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे जगातील मोठी विद्यापीठे ह्या भिंतींना दारे पाडण्याच्या खटपटीत आहेत. ह्या खटपटीचा इतिहास आपण समजून घ्यावा, कारण त्यात आपल्या मुलामुलींच्या उपयोगाचा एक धडा दडलेला आहे.

भिंती कशा उभ्या राहिल्या?

विद्येच्या शाखा पूर्वीही होत्या, पण त्यांच्यामध्ये आजच्यासारखी कुंपणे नव्हती. नवव्या शतकात बगदाद येथे खलिफा अल्-मामून यांच्या काळात अल्-ख्वारिज्मी यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला. आज शाळेत आपण ज्याला अल्जिब्रा म्हणतो ते नावच ह्या ग्रंथाच्या शीर्षकातून आले. ह्या ग्रंथाचा एक मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांवर खर्च झालेला आहे. मृताच्या मिळकतीत कोणाचा किती हिस्सा, हा प्रश्न कायद्याचा. तो सोडवण्याची रीत मात्र गणिताची. एका विद्येच्या प्रश्नाने दुसऱ्या विद्येला कामाला लावले, असे ते उदाहरण आहे.

आजच्या पीएच.डी.चा जन्म मात्र युरोपात झाला. 1810 साली बर्लिन येथे जे विद्यापीठ स्थापन झाले, तेथे अध्यापनाबरोबर संशोधन हेही प्राध्यापकाचे कर्तव्य ठरले. हा नमुना अमेरिकेने उचलला. 1861 साली येल विद्यापीठाने अमेरिकेतील पहिल्या तीन पीएच.डी. पदव्या दिल्या आणि 1876 साली बाल्टिमोर येथे निघालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने संशोधनालाच आपले मुख्य काम मानले. संशोधन वाढले तसे विभाग वाढले. प्रत्येक विभागाचे प्राध्यापक वेगळे, नियतकालिक वेगळे, परीक्षा वेगळी, आणि नोकरीची जाहिरातही वेगळी.

ह्या व्यवस्थेला नावे ठेवण्याचे कारण नाही. तिच्यामुळेच ज्ञान खोल गेले. परंतु विहीर खोल गेली की तळाशी उभ्या असलेल्या माणसाला शेजारची विहीर दिसत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत हीच अडचण जाणत्या लोकांना बोचू लागली.

शिकागोची समिती

शिकागो विद्यापीठाचे वर्ग 1892 साली सुरू झाले. 1929 साली रॉबर्ट हचिन्स हे अवघ्या तिसाव्या वर्षी त्याचे अध्यक्ष झाले. विद्यार्थी एका विषयात पारंगत होतो पण मूळ प्रश्नांचा विचार करीत नाही, ही त्यांची तक्रार होती. 1941 साली आर्थिक इतिहासाचे अभ्यासक जॉन नेफ, अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट व मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट रेडफिल्ड यांच्या साहाय्याने एक समिती निर्माण झाली. ‘कमिटी ऑन सोशल थॉट’ असे तिचे नाव. समिती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बैठक आणि चहा येतो. पण ही समिती विद्यार्थी घेई, शिकवी आणि पीएच.डी. देई. विद्यार्थ्याने आधी निरनिराळ्या विषयांतील मोजके थोर ग्रंथ मुळापासून वाचावेत, त्यांवर परीक्षा द्यावी आणि मगच आपल्या प्रबंधाच्या विषयाला हात घालावा, अशी तिची रीत होती.

ह्या समितीने विद्यापीठातील जुने विभाग मोडले नाहीत, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. ते आपापल्या जागी राहिले आणि त्यांच्या शेजारी एक लहानसे घर बांधले गेले. पुढे तेथे अर्थशास्त्रज्ञ हायेक, तत्त्वचिंतक हाना आरेंट, कादंबरीकार सॉल बेलो अशी माणसे शिकवून गेली. आपल्याकडचे कवी व भाषाशास्त्रज्ञ ए. के. रामानुजन हेही त्या समितीचे सदस्य होते. ह्या रामानुजन यांनी काही काळ बेळगावात अध्यापन केले होते आणि भाषाशास्त्राचे धडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात घेतले होते, हे मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आपल्या दृष्टीने ह्या समितीशी निगडित असलेले आणखी एक नाव महत्त्वाचे आहे. मार्शल हॉजसन हे इस्लामी इतिहासाचे अभ्यासक 1964 साली तिचे प्रमुख झाले. 1968 साली वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीच त्यांचे निधन झाले. मागे राहिलेले हस्तलिखित सहकाऱ्यांनी सिद्ध केले आणि 1974 साली ‘द व्हेंचर ऑफ इस्लाम’ हा ग्रंथ तीन खंडांत प्रसिद्ध झाला. धर्म म्हणून इस्लाम आणि मुस्लिम राजवटींच्या छायेत वाढलेली, जिच्यात हिंदू, ख्रिस्ती, यहुदी हेही सहभागी होते ती संस्कृती, ह्या दोहोंना एकच शब्द वापरू नये, असे त्यांनी बजावले व दुसरीसाठी ‘इस्लामिकेट’ हा नवा शब्द घडवला. केवळ धर्मशास्त्र किंवा केवळ राजांची वंशावळ वाचणाऱ्याला हा भेद दिसला नसता. भाषा, भूगोल, व्यापार, अध्यात्म आणि जगाचा इतिहास एकत्र वाचला म्हणून तो दिसला.

हार्वर्डचा प्रयोग

दुसरा प्रयोग हार्वर्ड विद्यापीठातला. 1946 साली तेथे टॅल्कट पार्सन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी समाजशास्त्र, सामाजिक मानवशास्त्र आणि मानसशास्त्राच्या काही शाखा एकत्र करून ‘सोशल रिलेशन्स’ हा एकच विभाग केला. येथे शेजारी नवे घर बांधले गेले नाही. जुन्या घरांच्या भिंती पाडून एक मोठा वाडा करण्यात आला. त्यातून नामवंत विद्वान बाहेर पडले. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी जावा बेटावर राहून तेथील मुस्लिम समाजाच्या धार्मिक जीवनाचा अभ्यास केला व 1956 साली पीएच.डी. मिळवली. त्यांचा ‘द रिलिजन ऑफ जावा’ हा ग्रंथ 1960 साली निघाला. पुढे 1968 साली त्यांनी मोरोक्को आणि इंडोनेशिया येथील इस्लामची तुलना करणारे पुस्तकही लिहिले.

तरीही हा वाडा टिकला नाही. 1970 साली समाजशास्त्र वेगळे निघाले आणि 1972 साली विभागच विसर्जित झाला. पार्सन्स यांना सर्व शाखांना पुरेल असा एक समान सिद्धांत हवा होता. तो सर्वांना मान्य होईना. शिवाय प्रत्येक प्राध्यापकाची प्रतिष्ठा त्याच्या मूळ विषयातच मोजली जात राहिली. शिकागोची लहान समिती मात्र ऐंशीहून अधिक वर्षांचा पल्ला गाठू शकली.

ह्याच हार्वर्डमधील एका विद्यार्थ्याची वाट पाहण्यासारखी आहे. रॉबर्ट बेला यांनी 1955 साली जी पीएच.डी. घेतली ती समाजशास्त्र आणि पूर्व आशियाई भाषा अशा दोन विषयांत मिळून होती. औद्योगिक प्रगतीला धर्माचे साहाय्य होते काय, हा प्रश्न त्यांनी समाजशास्त्रातून घेतला आणि त्याचे उत्तर जपानी साधनांत शोधले. प्रश्न एका विद्येचा आणि साधने दुसरीची, ह्यालाच मी ह्या लेखात जोडविद्या म्हणतो. त्यानंतर बेला दोन वर्षे कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या इस्लामी अध्ययन संस्थेत होते. ती संस्था 1952 साली विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी काढली होती, आणि हे स्मिथ त्यापूर्वी लाहोरला अध्यापक होते.

पुढे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी ह्या अनुभवातून मधला मार्ग काढला. विद्यार्थी आपल्या मूळ विभागातच पीएच.डी. करतो, परंतु ठरलेले काही अभ्यासक्रम दुसऱ्या क्षेत्रात पुरे करतो. कॅलिफोर्निया विद्यापीठात अशा विद्यार्थ्याच्या परीक्षक मंडळात व प्रबंधाच्या समितीत त्या दुसऱ्या क्षेत्राचा जाणकार बसतो आणि पदवीवर मूळ विषयाबरोबर जोडविद्येचीही नोंद होते. ओहायो राज्य विद्यापीठात ती नोंद गुणपत्रकावर येते. 1998 पासून तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठाननेही अशा मिश्र संशोधनशिक्षणासाठी विद्यापीठांना मोठी अनुदाने दिली.

आपल्या मातीतील दाखले

हे सारे अमेरिकेचे झाले, आपल्याकडे काय, असे कोणी विचारील. पुण्याचे डेक्कन कॉलेज 1939 साली पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. तेथे पुरातत्त्वाचे हसमुख सांकलिया आणि मानवशास्त्राच्या इरावती कर्वे एका छपराखाली काम करीत. गुजरातेत लांघणज येथे उत्खननात मानवी सांगाडे सापडले तेव्हा ह्या दोन विद्यांची हातमिळवणी झाली. पुढे पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावचे उत्खनन 1968 ते 1983 पर्यंत चालले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी काय पेरत होता, कोणती जनावरे पाळत होता, मुलांना कसे पुरत होता, हे कळण्यासाठी खापरे जाणणाऱ्याला धान्य, हाडे आणि माती जाणणाऱ्यांची साथ लागली. त्या उत्खननाच्या अहवालावर सांकलिया व ढवळीकर यांच्या शेजारी झेड. डी. अन्सारी हे नाव आहे. आपल्या मुलांना हे नाव आपण सांगितले पाहिजे.

तसेच दुसरे नाव डॉ. यू. म. पठाण यांचे. मराठी संतसाहित्य व महानुभाव वाङ्मय ह्यांचे ते अधिकारी अभ्यासक. बखरींतील फार्सीचाही त्यांनी अभ्यास केला आणि 1990 साली पुणे येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. मराठेशाहीचा इतिहास लिहायचा तर मोडीबरोबर फार्सी यावी लागते. ग. ह. खरे यांनी फार्सी साधने संपादून छापली, सेतुमाधवराव पगडी यांनी ती मराठीत आणली. आपल्या कित्येक घरांत उर्दू लिपी आजही वाचली जाते. फार्सीच्या उंबरठ्यापर्यंत आपली मुले अशी आयती पोहोचलेली असतात, पण आपण तिला ‘निरुपयोगी भाषा’ म्हणून मागे ओढतो. तीच भाषा इतिहास, कायदा, भूगोल अथवा वैद्यकाचा इतिहास ह्यांना जोडली तर दुर्मिळ भांडवल ठरते.

पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी काय करावे?

इतिहासाने शिकवलेला धडा मला असा दिसतो : पाय एका विद्येत घट्ट रोवावा आणि हात दुसरीकडे पसरावा. दोन्ही पाय दोन होड्यांत ठेवू नयेत. ह्यात व्यवहारही आहे. आपल्याकडे प्राध्यापकाच्या जाहिरातीत ‘संबंधित विषयातील’ पदवी मागतात. म्हणून एम.ए. किंवा एम.एस्सी. एका मान्य विषयात उत्तम गुणांनी करावी, नेटची परीक्षा त्याच विषयात द्यावी, आणि प्रबंधाचा प्रश्न असा निवडावा की त्याला दुसऱ्या विद्येची साधने लागतील. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. परंतु धोरण दार उघडते, चालावे ज्याचे त्यालाच लागते. मार्गदर्शक निवडताना विचारून घ्यावे : दुसऱ्या विषयाचा जाणकार सहमार्गदर्शक म्हणून आपण मान्य कराल काय? प्रबंध तपासायला त्या विषयाचा परीक्षक बोलवाल काय? हे आधी न विचारल्यास चार वर्षांनी ‘हा आमचा विषय नव्हे’ असे दोन्हीकडून ऐकण्याची पाळी येते.

आणि पालकहो, जोडविद्येला वेळ जास्त लागतो. एक भाषा किंवा संख्याशास्त्र नव्याने शिकायचे तर एक-दोन वर्षे वाढतात. नेमका येथेच आपला विद्यार्थी गळतो, आणि विद्यार्थिनी तर अधिकच, कारण घरी पगाराची किंवा लग्नाची घाई असते. अल्पसंख्याक समाजांतील संशोधकांसाठी 2009 साली सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय शिष्यवृत्ती 2022-23 पासून बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये संसदेत सांगितला. नेटमधून मिळणारी संशोधनवृत्ती सर्वांना खुली आहे, पण ती स्पर्धेची आहे. म्हणून आपल्या शिक्षणसंस्थांनी, जमातींनी आणि परदेशात कमावणाऱ्या बांधवांनी दरवर्षी निदान एका संशोधकाच्या त्या वाढीव वर्षाचा भार उचलावा. एका शादीच्या मंडपाचा खर्च त्याला पुरेसा होईल.

विद्यार्थी मित्रांनो, ज्या वर्गात बसला आहात तो वर्ग नीट शिका. त्यात हयगय नको. पण वाचनालयात गेल्यावर आठवड्यातून एक पुस्तक दुसऱ्या कपाटातले काढा. आपल्या विषयातला कोणता प्रश्न त्या कपाटाशिवाय सुटत नाही, ते शोधा. तो प्रश्न हाती लागला की तुमच्या प्रबंधाचा पाया घातला गेला असे समजा.