तळटीप : विरघळणारे टाके

१. आतले टाके काढावे लागत नाहीत, ते विरघळणाऱ्या धाग्यामुळे. पूर्वी तो मेंढ्या-गुरांच्या आतड्यांपासून करीत. १९७० च्या सुमारास पॉलिग्लायकोलिक आम्लाचा कृत्रिम धागा बाजारात आला. पुढे ग्लायकोलाइड आणि लॅक्टाइड ९०:१० प्रमाणात घेऊन व्हिक्रिल हा धागा झाला. शरीरातले पाणीच त्याच्या साखळ्या तोडते. दोन-तीन आठवडे तो ताण धरतो, दोन-अडीच महिन्यांत नाहीसा होतो. लॅक्टाइड ज्यापासून होते ते लॅक्टिक आम्ल मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून आंबवून मिळते, म्हणून धाग्याला सरसकट ‘पर्यावरणस्नेही’ म्हणण्याची लेखकाची घाई मात्र पटत नाही. ग्लायकोलाइडसाठीचे ग्लायकोलिक आम्ल बहुधा खनिज कच्च्या मालातूनच येते. शिवाय हवेतल्या ओलाव्याने धागा आधीच कमजोर होऊ नये, म्हणून तो ॲल्युमिनियमच्या पाकिटात बंद ठेवावा लागतो. ते पाकीट रुग्णालयाच्या कचऱ्यातच जाते. —संपा.