मॉडेल रॉकेटला चंदेरी चमक: हाताला न लागणारी, पाण्याने न जाणारी

दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी आणि माझ्या भाच्याने पाण्यावर उडणारं रॉकेट बनवलं. आत कोल्ड्रिंकची बाटली, बाहेरून पुठ्ठ्याचं कवच, मागे चार पंख. आदल्या संध्याकाळी तेलगावातल्याच हार्डवेअरच्या दुकानातून सिल्व्हर स्प्रे आणला आणि मारला. काय चमकलं म्हणून सांगू! सकाळी परीक्षक सरांनी ते हातात घेतलं आणि त्यांच्या पांढऱ्या बाहीवर चंदेरी पट्टा उमटला. "रंग ओला आहे का रे?" ओला नव्हता. पंधरा तास झाले होते.

घरी येऊन मी त्यावर क्लिअर लॅकर मारलं, म्हटलं आता तरी पक्कं होईल. पाच मिनिटांत चमक गायब, रॉकेट जुन्या पत्र्याच्या पेटीसारखं राखाडी. आठ दिवसांनी ते सगळ्यांसमोर उडवायचं होतं आणि भाचा माझ्याशी बोलत नव्हता. त्या आठ दिवसांत जे शिकलो ते इथे सांगतो.

सिल्व्हर पेंटमध्ये चांदी नसते

त्यात ॲल्युमिनियम असतं, अगदी बारीक, चपट्या पापुद्र्यांच्या रूपात. हे पापुद्रे दोन प्रकारचे असतात आणि सगळा घोळ इथेच आहे.

पहिला प्रकार ‘लीफिंग’. या पापुद्र्यांना स्टिअरिक ॲसिडचा लेप असतो. त्यामुळे ते ओल्या रंगात बुडत नाहीत, वर तरंगतात आणि माशाच्या खवल्यांसारखे एकमेकांवर आडवे बसतात. वरून बघितलं तर जवळजवळ अखंड धातूच, म्हणून चमक जबरदस्त. पण पापुद्रे सगळ्यात वर आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन खाली. मग बोट फिरवलं की ते बोटाला येणारच. वरून क्लिअर मारलं तर त्यातलं थिनर खालचा थर परत ओला करतं, आडवे बसलेले पापुद्रे विस्कटतात, प्रकाश वाटेल तसा फेकला जातो आणि रंग राखाडी दिसतो. माझ्या रॉकेटचं नेमकं हेच झालं.

दुसरा प्रकार ‘नॉन-लीफिंग’. हे पापुद्रे रंगाच्या थरात सगळीकडे पसरून राहतात. चमक थोडी कमी, पण हाताला लागत नाही आणि वरून क्लिअर मारता येतं. सिल्व्हर कारचा रंग असाच असतो: खाली नॉन-लीफिंग बेस कोट, वर पारदर्शक क्लिअर कोट.

आमच्याकडे सुंदरनगरला साखर कारखाना आहे, त्यामुळे चंदेरी रंग गावाला नवा नाही. कारखान्यांतल्या टाक्या, पाइप, शेतातली गेटं, सगळीकडे ॲल्युमिनियम पेंट दिसतो. लोखंडाला तो उत्तम, कारण वर बसलेले पापुद्रे ऊन परतवतात आणि ओल आत जाऊ देत नाहीत. त्याचं भारतीय मानक आयएस २३३९ हे मुळात दोन वेगळ्या डब्यांतल्या रंगाचं आहे: एकात पेस्ट, दुसऱ्यात माध्यम. आधीच मिसळून ठेवलं तर पापुद्र्यांचा तरंगण्याचा गुण कमी होत जातो. पण टाकीला कुणी रोज हात लावत नाही. रॉकेटला दर उड्डाणाला लावावा लागतो.

स्प्रेच करायचा असेल तर

ट्रॉल्या रंगवणाऱ्या एका पेंटरमामांनी मला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं: "सिल्व्हर काही झाकत नाही, उलट दाखवतं." खरंय. साध्या रंगाखाली लपणारा ओरखडा चंदेरीत दुरून दिसतो. त्यामुळे निम्म्याहून जास्त मेहनत रंगाच्या आधीच. पुठ्ठ्याच्या नळीवरची तिरकी खाच लांबीने भरा, वाळल्यावर २२० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, प्रायमर मारा, ६०० किंवा ८०० ने हलकं घासा. नुसता पुठ्ठा पाण्याने घासू नका, फुगतो.

मग चकचकीत काळा रंग. हो, काळा! क्रोम किंवा लीफिंग सिल्व्हरखाली काळा गुळगुळीत थर असला की चमक खोल दिसते. तो दोन दिवस पूर्ण वाळू द्या. त्यानंतर सिल्व्हर, २० ते २५ सेंटीमीटर अंतरावरून, अगदी पातळ हात. एकाच जागी थांबलात तर ओघळ येतो.

आपल्याकडचं हवामान इथे आडवं येतं. एप्रिल-मेच्या दुपारी थेंब रॉकेटपर्यंत पोहोचायच्या आतच सुकतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. पावसाळी दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते. सकाळी आठ-नऊची वेळ बरी, वारा नसेल तर. डबा उन्हात किंवा चुलीजवळ ठेवायचा नाही, फुटतो. आणि थर्माकोलचं नाक असेल तर थेट स्प्रे विसरा, थिनरने ते डोळ्यांदेखत विरघळतं.

क्लिअरसाठी लाकडाची वॉटर-बेस्ड पीयू मिळते. तिचं पाणी खालच्या सॉल्व्हंटच्या रंगाला फारसं विस्कटत नाही, तरी आधी तुकड्यावर करून बघा. सगळ्यात टिकाऊ म्हणजे डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून कारसारखा बेस कोट आणि टू-के क्लिअर मारून घेणं. हे घरी करू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात, ते फुप्फुसांना घातक आहेत आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने काही अडत नाही.

मी शेवटी काय केलं?

रेडियमच्या दुकानात गेलो. तेच, जिथे गाडीचे नंबर आणि ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ कापून मिळतो. तिथे क्रोम व्हिनाइल स्टिकर असतो. त्यात ॲल्युमिनियमचा अतिपातळ थर पारदर्शक फिल्मच्या आत असतो, वेफर्सच्या पाकिटाच्या आतल्या चमकेसारखा. धातू झाकलेला असल्यामुळे हाताला लागायचा प्रश्नच नाही, आणि पाणी आत शिरत नाही. माझ्या मते आपल्यासारख्यांसाठी हाच पहिला पर्याय.

नळीभोवती एकच तुकडा गुंडाळा, जोड एका पंखाच्या रेषेत आणा म्हणजे दिसत नाही. आधी नळी गुळगुळीत करायची ती करायचीच, खालचा वाळूचा एक कणसुद्धा फोड होऊन वर येतो. गोल नाकावर मात्र स्टिकर सुरकुततो. तिथे तो उभ्या पाकळ्या कापून लावा, नाहीतर नाक सरळ लाल रंगवा. मी लाल केलं.

एसीवाल्यांकडची ॲल्युमिनियम फॉइल टेपही चालते. चमच्याच्या पाठीने घासून बसवली की खऱ्या पत्र्यासारखी दिसते. जॉन ग्लेन २० फेब्रुवारी १९६२ ला ज्या ॲटलस रॉकेटवरून गेले, ते पातळ स्टेनलेस स्टीलचं होतं. त्याची ती चंदेरी कांती म्हणजे रंग नव्हताच, उघडा धातू होता. त्याच्या मॉडेलला टेपच शोभते. पण वजन बघा: अडीच सेंटीमीटर व्यासाच्या आणि ३० सेंटीमीटर लांबीच्या नळीवर ४० मायक्रॉनची टेप लावली, तर नुसतं ॲल्युमिनियमच अडीच ग्रॅम, गोंद वेगळा. शेपटीकडे वजन वाढलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि रॉकेट गिरक्या घेतं. म्हणून पंखांवर कमीत कमी थर द्या आणि उडवण्याआधी तोल परत तपासा.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. हवेचा दाब सोसणारी बाटली रंगवायची किंवा घासायची नाही. घासल्याने ती कमजोर होते, आणि रंगाखाली तिच्यावरचे पांढुरके ताणाचे डाग व भेगा दिसत नाहीत. चमक कवचाला द्या आणि कवच काढता येईल असं ठेवा. दुसरं, चंदेरी रॉकेट खरं वाटावं म्हणून घरी दारू भरून मोटर बनवायची नाही. ते बेकायदा आहे आणि हात जातात.

साफ करताना मऊ फडकं आणि साधं पाणी. घासणी नको, थिनर तर नकोच. कडा उचलली गेली तर लगेच दाबून बसवा, नाहीतर तिथून माती आत जाते.

आठव्या दिवशी रॉकेट छान उडालं आणि वाऱ्याने शेजारच्या उसात जाऊन पडलं. एवढी चमक असून उभ्या उसात ते सापडेना! चार दिवसांनी पाणी द्यायला गेलेल्या चुलत्यांना सरीत मिळालं. पुठ्ठ्याचा लगदा झाला होता, स्टिकर मात्र फडक्याने पुसल्यावर तसाच चकचकीत. आता शेपटीला एक मीटरची भगवी फीत बांधतो.