भांबुर्ड्याचा अश्वारूढ पुतळा

मोहोळच्या स्टेशनात गाडीत बसून पुण्यास गेलेल्या पुष्कळांनी शिवाजीनगरमधील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा पाहिला असेल. साडेतेरा फूट उंचीचा, सुमारे आठ टन वजनाचा हा ब्राँझचा पुतळा १९२८ साली उभा राहिला. त्याचे दर्शन अनेकांनी घेतले. जन्मकथा थोड्यांना ठाऊक. आम्ही कामगार चळवळीतली माणसे, तेव्हा आमची नजर चबुतऱ्याआधी भट्टीकडे जाते. ही कथा त्याच नजरेने सांगणार आहोत.

सेनापतीला घोड्यावर बसवून धातूत ओतण्याची हौस जुनी आहे. इटलीत पादुआ शहरी दोनातेल्लोने घडवलेला गात्तामेलाता १४५३ पासून उभा आहे. व्हेनिसच्या पगारावर लढणारा हा सेनापती. पण पुतळ्यातला त्याचा रुबाब एखाद्या सम्राटाला साजेसा! आपल्याकडे ही हौस इंग्रजांनी आणली. मुंबईचा काळा घोडा १८७९ चा. त्यावर बसलेला युवराज म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड. मूर्तिकार बोहम विलायतेतला, पैसा अल्बर्ट ससून यांचा.

या पार्श्वभूमीवर १९१७ साली कोल्हापूरचे शाहू छत्रपती आणि ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय श्री शिवाजी मेमोरियल सोसायटी स्थापन झाली. पायाभरणीस प्रिन्स ऑफ वेल्स यांना बोलावले. काळ्या घोड्यावरच्या स्वाराचा हा नातू. काँग्रेसने त्यांच्यावर बहिष्कार पुकारलेला. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी ते मुंबईत उतरले आणि शहरात दंगल पेटली. पन्नासावर माणसे प्राणास मुकली. दोनच दिवसांनी, १९ तारखेस, भांबुर्ड्यात त्यांच्या हस्ते पायाचा दगड बसला.

बंडखोर राजाच्या स्मारकाचा पाया परक्या राजाच्या मुलाने घालावा, याला कोणी लाचारी म्हटले. आम्हांस ते इतके सोपे वाटत नाही. शिवाजीमहाराजांच्या नावाने लिहिलेल्या मजकुरावरून याच सरकारने १८९७ साली लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला भरला होता. त्याच सरकारच्या युवराजास त्याच नावापुढे आणून उभे करणे, यात शाहूमहाराजांचा हिशेब होता. मात्र मुंबईच्या रस्त्यावर रक्त सांडले असता पुण्यात समारंभ व्हावा, हे आम्हांस खटकते, आणि ते खटकावेच.

शाहूमहाराज १९२२ साली गेले, माधवराव १९२५ साली. पुतळा पाहणे दोघांच्याही नशिबी नव्हते.

काम आले विनायक पांडुरंग करमरकर यांच्याकडे. हे अलिबागजवळच्या सासवन्याचे. घरी गणपती घडवण्याचा व्यवसाय. ऑटो रॉथफेल्ड या इंग्रज अंमलदाराने मुलाचा हात ओळखला म्हणून जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट मिळाली, पुढे लंडनला शिक्षण झाले. हा पुतळा करताना वय छत्तीस-सदतीस. ओतकाम विलायतेस न जाता मुंबईतच, माझगावच्या गोदीत झाले. ही गोष्ट आम्हांस पायाभरणीहून मोठी वाटते.

ओतकाम म्हणजे काय, ते ओतारी जाणतो. तांबे-कथलाचा रस हजार अंशाच्या आसपास तापवायचा, साचा आधी कोरडाठाक भाजायचा. त्यात ओल राहिली तर वाफ धरून साचा फुटतो आणि उकळता रस माणसांच्या अंगावर येतो. रसाबरोबर कोंडणारी हवा बाहेर पडण्यास वाटा ठेवायच्या, नाहीतर धातूत पोकळ्या राहतात. घोड्याचे तर आणखी अवघड: धड भारी, पाय बारीक, आणि सारा बोजा त्या पायांवर. थंड झाल्यावर छिन्नी-कानशीने एकेक शिवण, एकेक खरवड काढायची. डोळे आणि फुप्फुसे झिजतात ती इथे. पुतळ्यांच्या इतिहासात दाते येतात, अध्यक्ष येतात. मूस उचलणारा येत नाही.

पुतळा बोरघाट चढून पुण्यास आला आणि १६ जून १९२८ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी त्याचे अनावरण केले. त्या दिवशी मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. २६ एप्रिलपासून सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. ऑक्टोबरपर्यंत तो संप चालला. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन जन्मली होती. एकाच प्रांतात, एकाच गव्हर्नरच्या अमलात, पुण्यास बँड वाजत होता आणि परळला चुली थंड होत्या.

पडदा ओढणाऱ्यांचे हात पुढे बदलले. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी प्रतापगडावरच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण पंतप्रधान नेहरूंनी केले, तेव्हा मुंबईसह महाराष्ट्र मागणारी माणसे काळी निशाणे घेऊन वाटेवर उभी होती. त्यांत कामगार थोडे नव्हते. महाराष्ट्र १९६० साली झाला. १९६५ साली काळा घोडा चौकातून उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. त्या चौकाजवळ २०१७ साली नवा घोडा बसवला आहे. त्याच्या पाठीवर स्वार नाही.