थरांचे पाणी : भिवंडीची खाडी आणि अंतर्गत लाटांच्या अभ्यासाचा इतिहास

प्रस्तावना

कामवारी नदीकाठचे भिवंडी शहर आज यंत्रमागांसाठी ओळखले जात असले, तरी त्याचा पूर्वेतिहास खाडीशी निगडित आहे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी ताब्यात घेतली. मराठा आरमाराच्या उभारणीचा आरंभ याच परिसराशी जोडला जातो. उल्हास नदीचे गोडे पाणी आणि वसईकडून भरतीबरोबर येणारे खारे पाणी या खाडीत एकत्र येते. गोड्या व समुद्राच्या पाण्याच्या घनतेत सुमारे अडीच टक्क्यांचा फरक असतो. एवढ्याशा फरकाने पाण्याचे थर कसे टिकतात व कसे मोडतात, या प्रश्नाच्या अभ्यासाचा प्रस्तुत लेखात आढावा घेतला आहे.

अभ्यासाचे टप्पे

१८९३ मध्ये नान्सेन यांचे ‘फ्राम’ जहाज सैबेरियाच्या किनाऱ्याजवळ वरकरणी कारण नसताना मंदावले. तेथे खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर पसरला होता. एकमन यांनी टाकीतील प्रयोगांच्या आधारे १९०४ मध्ये खुलासा प्रसिद्ध केला : जहाजाची शक्ती दोन थरांच्या सीमेवर लाटा उठविण्यात खर्च होत होती, पृष्ठभाग मात्र जवळजवळ शांत दिसे.

या लाटा फुटून मिश्रण केव्हा घडते? थरांची स्थिरता आणि त्यांच्या वेगांतील तफावत यांच्या गुणोत्तराची कल्पना रिचर्डसन यांनी १९२० मध्ये मांडली. हे गुणोत्तर सर्वत्र एक-चतुर्थांशाहून अधिक असल्यास लहान विक्षोभ वाढत नाहीत, हे माइल्स व हॉवर्ड यांनी १९६१ मध्ये सिद्ध केले.

खाडीच्या संदर्भात

कोकणपट्टीतील ‘उधाण’ व ‘भांग’ या शब्दांत हाच भेद दडला आहे. उधाणाच्या वेगवान प्रवाहात तफावत वाढून थर मोडू लागतात. भांगाच्या मंद प्रवाहात ते टिकून राहतात. पावसाळ्यातील गोड्या पाण्याचा लोंढा थरांना अधिक बळ देतो. अशा वेळी वरच्या थरात सोडलेले सांडपाणी तेथेच रेंगाळू शकते आणि तळाच्या पाण्याला प्राणवायूचा पुरवठा कमी होतो.

निष्कर्ष

खाडी सर्व काही पोटात घेते, ही समजूत म्हणूनच अपुरी ठरते. एकाच दिवशी, एकाच खोलीवर घेतलेल्या नमुन्यावरून खाडीचे आरोग्य ठरविता येत नाही. उधाण व भांग या दोन्ही काळांत, पृष्ठभागापासून तळापर्यंत मोजमाप होणे आवश्यक आहे.